देव सोडलेल्यांसाठी पंथप्रवेशाच्या सूचना

देवधर्म सोडल्यापासून आपण चांगले आहोत याची खातरी देणारे कोणी उरले नाही, अशी आपली तक्रार असेल, तर ऑक्सफर्डमध्ये वाढलेल्या ‘इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम’ या, म्हणजे कोणत्या दानाने सर्वाधिक भले होते याचा हिशेब मांडणाऱ्या, चळवळीत जरूर दाखल व्हावे. आधी तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या १९७२च्या निबंधातला तळ्यात बुडणाऱ्या मुलाचा दृष्टान्त तोंडपाठ करावा: समोर बुडणाऱ्याला वाचवणे कर्तव्य असेल, तर दूरदेशी मरणाऱ्याला वाचवणेही कर्तव्यच. निरूपणाला तो जन्मभर पुरतो. मग टोबी ऑर्ड आणि विल्यम मॅकॅस्किल या तत्त्वज्ञांनी २००९ साली सुरू केलेल्या संस्थेची दीक्षा घ्यावी, म्हणजे उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा दान करण्याची शपथ. हा हिस्सा नेमका दहावाच का, असे चर्चला दशमांश देणाऱ्या एखाद्या आजीला चुकूनही विचारू नये. दीक्षितांची नावे जाहीर यादीत लागत असल्याने गुप्तदानाची खोड असल्यास ती मोडावी.

यानंतर जमाखर्चाची साधना सुरू होते. कॉफीचा पेला ओठांशी नेताना तेवढ्या पैशांत मलेरियाग्रस्त गावासाठी एक मच्छरदाणी आली असती हे आठवावे, हळहळावे आणि शक्यतो चारचौघांत हळहळावे. (मच्छरदाण्यांची टिंगल मात्र करू नये. त्यांनी खरोखरच जीव वाचतात, आणि म्हणूनच या पंथाला सरसकट नावे ठेवणे अवघड जाते.) साधना पक्की झाली की मच्छरदाण्यांत अडकून न पडता अजून जन्माला न आलेल्या अब्जावधी माणसांच्या कल्याणाकडे वळावे, कारण ती माणसे हिशेब मागायला येत नाहीत. त्यांच्यासाठी चिंतन करायला जागा ऐसपैस हवी, म्हणून २०२२ साली ऑक्सफर्डजवळचा वायथम ॲबी हा जुना वाडा सुमारे दीड कोटी पौंडांना घेतला गेला. त्या रकमेत किती मच्छरदाण्या आल्या असत्या, हा हिशेब कॉफीपुरताच करायचा असतो.

दान करता यावे म्हणून भरपूर कमवावे, असाही उपदेश आपल्याला होईल. तो मनावर घेणारा सॅम बँकमन-फ्रीड हा पंथाचा लाडका साधक. क्रिप्टोचलनाचे व्यवहार करणारी त्याची एफटीएक्स कंपनी नोव्हेंबर २०२२मध्ये बुडाली आणि २०२४ साली ग्राहकांच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. कोणी त्याचे नाव काढल्यास, शिकवण निर्दोष आहे, साधकच कच्चा निघाला, असे शांतपणे सांगावे. हे उत्तर कोणत्याही बाबांच्या आश्रमात तयार मिळते. त्याच्याकडून आलेल्या देणग्यांपैकी काही पुढे दिवाळखोरीच्या वसुलीत परत कराव्या लागल्या. त्या रकमांतून वाचलेले जीव आपल्या पुण्याच्या खात्यातून वजा करावेत का, हे मात्र दीक्षेच्या दिवशीच विचारू नये.