फोटोआधी जमीन पाहा

अमेरिकेतली मुलांची खेळायची मैदानं आणि स्प्लॅश पॅड (जमिनीतून कारंजी उडतात ती पाण्यात खेळायची जागा) यांची एक यादी वाचली. ती उपयोगी आहे, पण निवड रंगीत फोटोंवर झालेली दिसते. आधी खेळण्यांखालची जमीन पाहा. लाकडाचा चुरा असेल तर थर निदान 9 इंच हवा. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी पाय घासून खड्डा पडतो, आणि मुलं नेमकी तिथंच आपटतात. कठड्याच्या गजांमधली फट साडेतीन ते नऊ इंचांची असेल तर धड निसटतं, डोकं अडकतं. हुडीची नाडीही अशीच अडकते, ती घरीच काढून टाका. दुपारी रबरी जमिनीला हात लावल्याशिवाय अनवाणी सोडू नका.

स्प्लॅश पॅडचं पाणी एकतर नळाचं, एकदा वापरून सोडून दिलेलं. नाहीतर खालच्या टाकीत गोळा करून, गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवलेलं. खरी काळजी या दुसऱ्या प्रकारच्या पाण्याची. फवाऱ्यात क्लोरीन लवकर उतरतं, आणि जुलाब लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी तर नेहमीच्या क्लोरीनमध्येही सात दिवसांहून जास्त तगतो. स्विम डायपर पातळ शी अडवत नाही (पाकिटावर काहीही लिहिलेलं असो!). त्यामुळे पोट बिघडलेलं मूल नेऊच नका, बाळाला कारंज्यावर बसवू नका, डायपर दर तासाला बघा आणि लांब जाऊन बदला. पाणी कोणत्या प्रकारचं आहे ते शहराच्या पार्क्स खात्याला फोन करून कळतं.

बहुतेक ठिकाणी हंगाम मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात एवढाच. कारंजी बंद दिसली तर लगेच परतू नका. खांबावरचं बटण दाबून पाहा, बऱ्याच ठिकाणी टायमर असतो.