‘इंजिन मागचंच घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला सोलापुरातून उत्तर

आमचे दाजी निवृत्त होऊन वर्ष झालं. गाडीतच घर करायचं आणि ताईला घेऊन भारतभर हिंडायचं, हे त्यांनी मनावर घेतलंय. तेव्हापासून एक मेसेज त्यांच्या फोनवरून माझ्या फोनवर येतोय. तोच मेसेज मला आणखी चार-पाच जणांनीही पाठवला. सार असं : ‘डिझेल मोटारहोम घ्यायची तर इंजिन मागचंच. आवाज शून्य. ॲव्हरेज जास्त. घाट लोण्यासारखा चढते. गरम होत नाही, देखभाल नाही, अपघातात जीव वाचतो. पुढचं इंजिन म्हणजे ट्रकवर ठेवलेली खोली. अमेरिकेत त्याला कुणी हात लावत नाही.’ शेवटी जोडलेले हात, तीन वेळा.

आमच्या घरी अक्कलकोट-तुळजापूर-गाणगापूर दर्शनाच्या गाड्या वीसेक वर्षं चालल्या. धंदा कमी झाला तेव्हा मागच्या इंजिनची एक गाडी आम्ही ठेवून घेतली, तिच्यात पलंग, ओटा, संडास बसवला आणि तीन उन्हाळे काढले. मग ती विकली आणि तोच संसार पुढच्या इंजिनच्या गाडीत हलवला. त्यामुळे मला मागच्या इंजिनचा राग आहे असं कुणी म्हटलं, तर थोडा आहेच. तरी मेसेजमधलं जे खरं आहे ते खरं म्हणणार.

‘आवाज शून्य.’ चालवणाऱ्यापुरतं हे बरंचसं खरं आहे. पुढच्या इंजिनच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनची पेटी असते. आमचा क्लीनर तिच्यावर जेवणाचा डबा ठेवायचा. दुपारी उघडला तरी आमटी वाफाळायची. मे महिन्यात ड्रायव्हरचा डावा पाय नुसता भाजून निघतो, आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पेटीला आतून ग्लासवूल आणि वरून जाड रबरी मॅट लावली की पुष्कळ कमी होतं, पण जात नाही. हा गुण मागच्या इंजिनचाच.

फक्त हैदराबाद-मुंबई रात्रीच्या व्होल्वोत ज्याने शेवटची सीट घेतली असेल, त्याला ‘शून्य’ हा शब्द ऐकवून बघा. आवाज पुढून उठतो आणि मागे जाऊन बसतो, आणि घर-गाडीत मागे असतो पलंग. चालत्या गाडीत कुणी आडवं व्हायचं म्हटलं तर ते बरोबर इंजिनच्या डोक्यावर. मुक्कामाला इंजिन बंदच असतं. रात्री ऐकू येतो तो जनरेटर आणि एसी. मोठ्या अमेरिकन गाड्यांत इंजिन मागे असलं की जनरेटर बहुतेक वेळा पुढच्या नाकात बसवतात, म्हणजे पलंगापासून लांब. हा विचार आपल्याकडचे बॉडीवाले करतात का, ते आधी विचारा.

‘ॲव्हरेज जास्त.’ पुढच्या इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब शाफ्ट फिरवण्यात ताकद वाया जाते, असं त्यामागचं गणित. शाफ्टमध्ये जातं ते इतकं किरकोळ की पंपावर कळणारसुद्धा नाही. डिझेल खातं ते वजन, वाऱ्याला सामोरं जाणारं सपाट तोंड, वेग आणि एसी. अमेरिकेतल्या त्या मोठ्या, मागच्या इंजिनच्या घरांचा आकडा गॅलनला सात-आठ मैल असा सांगतात. आपल्या भाषेत लिटरला तीन ते साडेतीन किलोमीटर. दाजींनी हा आकडा ऐकला आणि चहा खाली ठेवला.

‘घाट लोण्यासारखा चढते.’ इथे मेसेजवाल्याची गफलत कुठे झाली ते दिसतं. त्याने तुलना केली कशाची? टाटाच्या पुढच्या इंजिनच्या ‘१५१२’ नावाच्या चासीची, म्हणजे बसच्या सांगाड्याची, आणि व्होल्वोच्या ‘बी७आर’ची. टाटाच्या त्या आकड्यात पहिले दोन अंक गाडीचं एकूण वजन टनांत सांगतात आणि पुढचे दोन ताकदीचा अंदाज देतात : पंधरा टन, एकशेवीसच्या घरातली हॉर्सपॉवर. व्होल्वोच्या नावातला ७ म्हणजे सात लिटरचं इंजिन, आणि ‘आर’ म्हणजे इंजिन मागे. २००१ साली ती भारतात आली आणि लोकांनी पहिल्यांदा असली बस पाहिली : फुग्यांवर तरंगणारी, दुपटीच्या आसपास ताकदीची. लक्षात राहिलं ते एवढंच की इंजिन मागे आहे. घाट चढवते ती ताकद आणि तिच्या मानाने वजन. धक्के खातात ते फुगे, म्हणजे एअर सस्पेन्शन, आणि ते पुढच्या इंजिनच्या काही चासींनाही मिळतं. लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवरची जुनी बस आणि फुग्यांवरची नवी बस शेजारी उभ्या करून इंजिनच्या जागेला शाबासकी देणं म्हणजे पेढे भलत्यालाच वाटणं.

एक गोष्ट मात्र कबूल. इंजिनचं वजन मागच्या चाकांवर असलं की ओल्या चढाला पकड चांगली मिळते. पण घर-गाडीत तीनशे लिटरची पाण्याची टाकी मागच्या एक्सलवर घेतली की तिथे तीनशे किलो आपोआप येतात. आणि आषाढात पंढरपुरात काळ्या मातीच्या वावरात गाडी लावली, की इंजिन कुठेही असो, ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मी दोन्ही गाड्यांसाठी बोलावलाय. ट्रॅक्टरवाल्याने दोन्ही वेळा सारखेच पैसे घेतले.

वावरात उतरताना दुसरी भानगड होते. बसचा मागचा भाग चाकांच्या पलीकडे बराच लटकतो आणि उतारावर तो घासतो. पुढच्या इंजिनच्या गाडीत घासतो तो पत्रा. मागच्या इंजिनच्या गाडीत तिथे ऑइलपॅन असतो, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं.

‘गरम होत नाही.’ हे वाक्य लिहिणारा माणूस सोलापूरचा नसावा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, आणि रस्त्यावरून पायी जाणारा माणूसही गरम होतो.

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही मंगळवेढ्याकडून परतत होतो. माचणूर मागे पडलं आणि काटा हलायला लागला. एसी बंद केला. काटा थांबला, मग पुन्हा वर. कडेला एका लिंबाखाली गाडी घेतली आणि मागे जाऊन झाकण उघडलं. रेडिएटर स्वच्छ! तो स्वच्छ असणारच, कारण दर रविवारी पाइप लावून मीच धुवायचो. मित्राला फोन केला तर तो म्हणतो, “काय बे, घरालाच ताप आलाय का?” तासाभराने तो मिस्त्रीला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. मिस्त्रीने बाहेरून एक नजर टाकली. “अण्णा, बाहेरनं काय बघताय, आतनं बघा की.”

आतून बघायचं म्हणजे पलंगावरच्या चादरी गुंडाळायच्या, गादी उचलून ओट्यावर टाकायची, खालची फळी सोडवायची. ओट्यावर शेंगा-चटणीची बरणी होती. ती गादीने उलटली आणि पुढचे दोन महिने त्या गादीला लसणाचा वास येत होता. फळी निघाली आणि मिस्त्रीने बॅटरी मारली. रेडिएटरच्या आतल्या अंगाला काळा, चिवट थर होता, जुन्या तव्याच्या पाठीवर असतो तसा. स्क्रूड्रायव्हरने त्याने एक ढलपा उचकटून माझ्या तळहातावर ठेवला. त्यात तेल होतं, धूळ होती आणि कडब्याची कुसळं.

कारण साधं आहे. पुढच्या रेडिएटरवर चालत्या गाडीचा वारा समोरून येऊन आदळतो. मागच्याला तो वारा नाही; सगळी भिस्त पंख्यावर. आमच्या गाडीत पंखा इंजिनच्या बाजूने हवा ओढून रेडिएटरमधून बाहेर ढकलायचा. मागची चाकं जी धूळ उडवतात ती त्याच हवेत. इंजिनच्या ब्रीदर पाइपातून तेलाची बारीक वाफ निघते, तीही तिथेच. तेलावर धूळ बसते आणि थर चढत जातो तो आतून, म्हणजे जिथे आपला हात आणि डोळा पोचत नाही तिथे. मी बाहेरून पाणी मारायचो ते त्याच चिखलाला भिजवत होतं. काही गाड्यांत रेडिएटर बाजूला असतो, तिथे बघायला सोपं पडतं. धूळ मात्र तीच. उपाय म्हणजे ब्रीदरचा पाइप लांब करून रेडिएटरच्या पलीकडे सोडायचा, आणि उन्हाळ्याआधी आतून तेल काढणारं औषध लावून, भिजू देऊन, हलक्या धारेने धुवायचं. सर्व्हिसिंगवाल्याची जोराची धार मारली तर जाळीची पानं दुमडतात आणि होतं त्याहून वाईट होतं.

पुढचं इंजिन गरम होतच नाही असं नाही. थर्मोस्टॅट अडकला, कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत राहिलात, तर तेही उकळतं. पण जाळी उघडली की काय झालंय ते दिसतं, आणि कुणाची गादी उचलावी लागत नाही.

शिवाय रात्र. दिवसभर चाललेलं इंजिन बंद केल्यावरही चांगले दोन तास धग सोडतं. मे महिन्यात सोलापूरकर गच्चीवर झोपायला जातो, आणि या गाडीत आपण हौसेने इंजिनवर अंथरूण घालतो.

‘देखभाल नाही.’ शाफ्ट आखूड असल्याने त्याला मध्ये धरणारं सेंटर बेअरिंग आणि दोन-चार क्रॉस, म्हणजे शाफ्टचे सांधे, वाचतात, एवढं खरं. त्याच्या बदल्यात ॲक्सिलरेटरपासून गिअरपर्यंत सगळं दहा मीटर लांब ओढून न्यावं लागतं, आणि कुठे तुटलं ते शोधण्यात दिवस जातो. पुढच्या इंजिनची टाटा किंवा लेलँड मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, कुठेही थांबवा, हात घालणारा मिस्त्री भेटतो. मात्र एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि हा फरकही कमी झाला. आता पुढच्या इंजिनलाही लॅपटॉप जोडल्याशिवाय रोग कळत नाही. जुनी चासी घेणार असाल तर माझं म्हणणं लागू, नवी घेणार असाल तर अर्धंच.

‘अपघातात जीव वाचतो.’ यावर मला फुशारकी मारायची नाही. सपाट तोंडाच्या बसमध्ये ड्रायव्हर दोन्हीकडे काचेलाच चिकटून बसतो. इंजिन त्याच्या शेजारी असतं, पुढे ढाल म्हणून नव्हे. ३० ऑक्टोबर २०१३ ला बंगळूरहून हैदराबादला जाणारी व्होल्वो महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ मोरीच्या कठड्याला धडकून पेटली आणि ४५ माणसं गेली. इंजिन मागेच होतं. आग मागे लागली तर ड्रायव्हरला उशिरा कळतं; पुढे लागली तर मुख्य दारच अडतं. म्हणून घर-गाडी करताना पलंगाजवळ आतून उघडणारं दुसरं दार किंवा मोठी खिडकी हवी, गॅसची टाकी बाहेरच्या कप्प्यात हवी, इंजिनच्या कप्प्यात आगीची सूचना देणारी यंत्रणा हवी. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. आणि आरटीओची परवानगी न घेता बसचं घर केलंत, तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे आणि विमा कंपनी आहे. दोघंही इंजिन कुठे आहे ते विचारणार नाहीत.

‘अमेरिकेत कुणी हात लावत नाही.’ फोर्डच्या पुढच्या पेट्रोल इंजिनच्या चासीवर तिथे पिढ्यान्‌पिढ्या मोठी घरं बनताहेत. डिझेलपुरतं बोलायचं तर, मोठ्या डबा-घरांत मागचंच इंजिन राज्य करतं हे खरं आहे. फ्रेटलायनर या तिथल्या ट्रक कंपनीने पुढच्या डिझेल इंजिनची खास चासी काढली होती, तिला लोक ‘फ्रेड’ म्हणायचे, आणि ती फार टिकली नाही. पण ट्रकच्या तोंडाची मोठी घरं आणि मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनवरची छोटी घरं, ही दोन्ही पुढच्याच डिझेलवर चालतात. युरोपात तर फियाट ड्युकाटो व्हॅनवर ढिगाने घर-गाड्या बनतात. इंजिन पुढे आणि ओढतातही पुढचीच चाकं. ज्या फोक्सवॅगनच्या मागच्या इंजिनच्या कॅम्परचे फोटो दाजी स्टेटसला ठेवतात, त्या कंपनीने स्वतःच १९९० मध्ये नव्या व्हॅनचं इंजिन पुढे आणलं.

मग मागचं इंजिन कुणी घ्यावं? बारा मीटरची गाडी, पाच-सहा माणसं, पगारी ड्रायव्हर, बहुतेक प्रवास मोठ्या हायवेने, आणि पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली आरपार डिकी हवी असेल, तर खुशाल. ती डिकी फार सुंदर गोष्ट आहे; मला अजून तिची आठवण येते. दाजींचं तसं नाही. दोघंच माणसं, स्वतः चालवणार, साडेसात टनांच्या वरच्या गाडीचं लायसन नाही, आणि जायचं गाणगापूरपासून कोकणातल्या आडगावापर्यंत कुठेही. त्यांना मी फोर्सच्या ट्रॅव्हलर मिनीबसच्या मापाची, पुढच्या इंजिनची गाडी सुचवली आहे. ती लिटरला दहाच्या आसपास देते आणि त्यांच्या गल्लीत वळते.

दाजींना हे पटलं की नाही, माहीत नाही. कालच त्यांनी तोच मेसेज तिसऱ्यांदा पाठवला, या वेळी ‘फॉरवर्डेड’ची खूण काढून, स्वतः लिहिल्यासारखा. ताईला मी माचणूरची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दाजींना एकच विचारलं, “अहो, मिस्त्री आला की गादी कोण उचलणार?”