उधारी गाळलेल्या आठवणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. गिरणगावच्या आठवणींनी माणूस दुसऱ्याविषयी हळवा होतो, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की चाळीच्या आठवणीने गहिवरणारेच आज सोसायटीत भाडेकरूची जात, धर्म, भाषा विचारतात. तुमच्या आजोबांना तर गिरणीच्या विणाई खात्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. तेव्हा असलं लेखन बंद करा.

आधी आजोबांचं. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, म्हणून अस्पृश्यांना मागावर उभं करत नसत. विणाईत मजुरी जास्त, म्हणजे विटाळाच्या नावाखाली त्यांची मिळकतच मारली जायची. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. गिरणगावाचा गौरव हे बाजूला सारून करता येणार नाही, यात तुमच्याशी माझा वाद नाही.

पण आठवणींनी माणूस निष्ठुर होतो, हे पटत नाही. संशोधक शिनयुए झोउ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना स्वतःच्या आयुष्यातला हुरहूर लावणारा प्रसंग आठवायला सांगितला, काहींना साधासुधा. हुरहूर अनुभवलेल्यांचा हात मदतीसाठी जास्त सैल सुटला, आणि त्यामागे सहानुभूती होती. उलट नेदरलँड्समध्ये संशोधक अनूक स्मेकेस यांनी ‘आपला देश पूर्वी कसा होता’ या सामूहिक ओढीचा अभ्यास केला, तेव्हा ती स्थलांतरितांविषयीच्या आकसाशी जोडलेली दिसली. तुमचे सोसायटीवाले या दुसऱ्या गोटातले.

मी लिहिलं ते पहिल्या, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणीविषयी. कोकणातून आलेला तरुण गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या वळकटीवरच पाठ टेकायचा. जेवण खानावळीत, पैसे महिन्याने. संप लांबला की खानावळवाली बाई भांडी, दागिने गहाण टाकायची, सावकाराचं व्याज अंगावर घ्यायची, पण जेवायला येणाऱ्या पोरांना उपाशी ठेवायची नाही. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ज्याला ही बाई आठवते, खिशात दमडी नसताना ताटात पडलेली तिची भाकरी आठवते, त्याला परक्या शहरात आपण कुणाच्या भरवशावर तगलो हे ठाऊक असतं. भिवंडीत यंत्रमागावर राबणारे बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार आज तसेच पाळीपाळीने झोपतात, ‘भिशी’ म्हणतात त्या सामाईक खानावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवतात. गिरणी कामगाराच्या मुलाला हे कुणी समजावून सांगावं लागू नये.

लागतं, असं तुम्ही म्हणाल. खरंय. आपण गणपती जपले, शिमगा जपला, चाळीची सताड उघडी दारं जपली, आणि नेमकी उधारी गाळली. एके काळी आपण कुणाचे तरी मिंधे होतो, हे पोरांना सांगायची लाज वाटते. उधारीच गाळली की उरतो तो नुसता अभिमान, आणि त्याला बाहेरचा माणूस खुपतो. मला राग आहे तो या गाळण्याचा, आठवणींचा नव्हे.

म्हणून लिहिणं थांबवणार नाही. विणाईत घेतलं नाही तेव्हा तुमचे आजोबा कुठल्या खात्यात लागले, कुणी लावलं, जेवायचे कुठे, कुणी दार लावून घेतलं, हे तुम्हाला ठाऊक असेल तर सविस्तर लिहून पाठवा. माझ्या लेखाच्या वर, आधी तेच वाचलं जाईल असं लावतो.