‘बोटीवर लुटले जाण्यापेक्षा घरबसल्या खेळा’? थांबा जरा

या मथळ्याचा लांबलचक मेसेज गेले काही दिवस फिरतोय. ऑनलाइन कॅसिनो गोव्यातल्या कॅसिनोपेक्षा सरस कसा, याची त्यात यादी आहे: खर्च कमी, परतावा जास्त, बोनस फुकट, लायसन्स पक्कं, पैसे कधीही काढा, कर नाही. एरवी असल्या मेसेजला मी भीक घालत नाही. पण मावसभावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली एकोणीस वर्षांच्या भाच्याने विचारलं, ‘मामा, अकाउंट काढू का?’ मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर या पोराला एकवीस पूर्ण झाल्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. ॲपवर ‘मी सज्ञान आहे’ या चौकटीत टिचकी मारली की काम भागतं.

आधी जे मान्य करावं लागतं ते करून टाकतो. गोव्याची वारी महाग पडते. गाडीभाडं, हॉटेल, बोटीचं तिकीट, वर टेबलाची किमान बोली. ऑनलाइन स्लॉटचा (बटण दाबून चित्रं फिरवायची, जुळली तर पैसे) जाहीर परतावाही बऱ्याचदा चांगला असतो, ९६ टक्के वगैरे. इथपर्यंत मेसेज खोटा नाही.

खोटेपणा पुढच्या वाक्यात आहे: ‘दहा रुपयांत खेळा, नुकसान किरकोळ.’ हे ९६ टक्के तुम्ही खिशातून आणलेल्या रकमेचे नसतात, लावलेल्या प्रत्येक डावाचे असतात. आता हिशोब करा. रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्याच्या घरात थांबते यावर पैसे लावायचे. एक शून्य असलेल्या चाकावर ३७ घरं, जिंकलात तर ३५ पट. म्हणजे कॅसिनोचा वाटा २.७ टक्के. गर्दीच्या टेबलावर तासाला समजा चाळीस वेळा चाक फिरतं. दरवेळी ५०० ची चिप लावली तर २०,००० लावले जातात आणि सरासरी ५४० जातात. मोबाइलवर स्लॉटची अडीच सेकंदांना एक फिरकी धरली तर तासाला १,४४० फिरक्या. दहा-दहा रुपयांनी १४,४०० लागले, ९६ परत आले तरी उरलेल्या चार टक्क्यांनी ५७६ गेले. म्हणजे दहा रुपयांचा ‘किरकोळ’ खेळ पाचशेच्या चिपेपेक्षा महाग पडला, तोही लोकलमध्ये उभ्या उभ्या.

अडीच सेकंद मी मनाने धरलेले नाहीत. ब्रिटनमध्ये ऑनलाइन कॅसिनो कायदेशीर आहे, आणि तिथल्या गॅम्बलिंग कमिशनने ३१ ऑक्टोबर २०२१ पासून स्लॉटची एक फिरकी त्याहून लवकर संपवायला मनाई केली. आपोआप फिरत राहणारी सोय बंद केली. दहा लावून सहा परत आल्यावर वाजणारी विजयाची पिपाणीही बंद केली, कारण चार रुपये हरलेल्या माणसाला आपण जिंकलो असं वाटत होतं. जिथे धंद्याला परवानगी आहे तिथल्या सरकारला एवढे लगाम घालावे लागले. मेसेजमधल्या लिंकवरच्या साइटला यातला कुठला लगाम आहे?

‘फुकट’ बोनसबद्दल तर बोलूच नये, पण बोलतो. दहा हजार भरा, दहा हजार बोनस. खाली बारीक अक्षरात: बोनसच्या ३५ पट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे साडेतीन लाखांचे डाव. चार टक्क्यांनी सरासरी तोटा १४,०००. दहा हजारांची भेट घ्यायला चौदा हजार मोजायचे! त्यातही रुलेटवर लावलेल्या पैशाचे अनेक साइट या ३५ पटीत दहाच टक्के मोजतात. भेट देणारा सावकार आमच्या गावातही होता, पण तो निदान तोंडावर व्याज सांगायचा.

‘पैसे कधीही काढा’ याचंही तेच. काढायची विनंती टाकली की ती मंजूर होईपर्यंत ‘रद्द करून खेळत राहा’ असं बटण समोर ठेवणं ही या धंद्याची जुनी खोड. वरच्याच नियमांत ब्रिटनने तीही मोडली. बोटीवर चिपा काउंटरवर देऊन नोटा खिशात टाकल्या की पुन्हा टेबलाकडे चालत जावं लागतं. तेवढं अंतरही कधीकधी पुरतं. बोटवाल्यांची वकिली करतोय असं समजू नका. गोवा सरकारने २०२० मध्ये स्वतःच्याच लोकांना या कॅसिनोंत जायला बंदी घातली, त्यातच काय ते कळतं.

कर लागत नाही ही थाप. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के.

राहिलं लायसन्स. ते आहे कुराकाओचं, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचं. तिथला कागद दाखवून कोल्हापुरात धंदा कायदेशीर होत नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मेसेजवाला ठळक अक्षरात सांगतो. पण त्याची साइट यूपीआयने पैसे घेते ते भाड्याने घेतलेल्या, भलत्याच कुणाच्या खात्यांवर. जिंकलेले पैसे अशाच खात्यातून तुमच्याकडे आले आणि सायबर पोलिसांनी तो माग काढला, तर गोठतं ते तुमचं पगाराचं खातं. मग बँकेत खेटे घालताना कुराकाओचं लायसन्स दाखवून बघा.