तान्ह्या बाळाला दुखणं कळत नाही?

आमच्या खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: ‘तान्ह्या बाळाच्या नसा कच्च्या असतात, त्याला दुखणं कळत नाही. कळलं तरी मोठेपणी आठवत नाही. पोट फुगलं तर बेंबीभोवती चटक्याचे डाग द्या, पोर काटक होतं.’ माझ्या चुलत बहिणीनं तो मला पाठवला तेव्हा तिचा नातू बावीस दिवसांचा होता. मी नर्स आहे, त्यामुळे गप्प बसवेना.

नसा कच्च्या असतात हे खरं, पण त्याचा अर्थ उलटा निघतो. कळ वर नेणारी वाट जन्माआधीच तयार असते. ती कळ मेंदूकडून दाबून धरणारी यंत्रणा मात्र जन्मानंतर हळूहळू पक्की होते. म्हणजे मोठ्या माणसाकडे असलेला ब्रेक बाळाकडे अजून नसतो. हा गैरसमज फक्त खेड्यातला नव्हे. १९८० च्या दशकापर्यंत परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांतही अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं अगदी जुजबी भुलीवर व्हायची. इंदूरला वैद्यकीय शिक्षण झालेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अशा बाळांना फेंटानिल हे वेदनाशामक देऊन पाहिलं. बाळांच्या शरीरावरचा ताण उतरला, ऑपरेशननंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ मध्ये हे छापून आलं.

‘आठवत नाही’ हेही अर्धंच. मधुमेही मातांच्या बाळांची साखर तपासायला जन्मल्यापासून दीड दिवसात टाचेला पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. अशा बाळांचा टोरांटोतला अभ्यास २००२ मध्ये आला. नंतर हातातून रक्त घ्यायच्या वेळी, नुसती कातडी पुसायला लागल्यावरच त्यांची तोंडं इतर बाळांपेक्षा जास्त वाकडी व्हायची. सुई अजून लागलेलीही नव्हती.

हे वाचताना मला आमच्याकडे आणलेलं एक बाळ आठवतं. बेंबीभोवती तुरीच्या डाळीएवढे चार चट्टे, कडांना पाणी सुटलेलं. अंगडं वर करायला हात नेला की ते दोन्ही पाय पोटाशी ओढून घ्यायचं. डाग दिल्यावर बाळ दमून निपचित पडतं आणि घरचे म्हणतात, उतार पडला. तेवढ्यात खरा आजार वाढतो, जखमेतून जंतू शिरतात.

काटक होतं म्हणता? १९९७ मध्ये टोरांटोतच दिसलं की भूल न देता सुंता झालेली मुलं चौथ्या-सहाव्या महिन्यातल्या लशीला सुंता न झालेल्यांपेक्षा जास्त रडतात. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना काचेच्या पेटीत फार टोचून घ्यावं लागतं, त्यांच्या पुढच्या वाढीत आणि वागण्यातही फरक आढळलेत. त्यात सुयांचा वाटा किती आणि अपुरेपणाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. एका सुईनं पोराचं आयुष्य बिघडतं असं कुणी समजू नये.

म्हणून लस चुकवायची नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस वेळेवर द्यायचेच. फक्त आईला बाहेर उभं करू नका. सुईच्या थोडं आधी बाळाला अंगावर घ्या, पाजत ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१५ मध्ये हेच सांगितलंय.

बहीण म्हणाली, “अगं, आपल्या आयांनी आपल्याला डागलंच की, काय झालं आपल्याला?” मी म्हटलं, आपण वाचलो, जी वाचली नाहीत ती सांगायला येत नाहीत. ती बराच वेळ बोलली नाही. दीड महिन्याच्या डोसाला मात्र सुनेला घेऊन आली. बाळ पदराखाली पीत होतं. मांडीत सुई गेली तसं ते किंचाळलं, आणि मी कार्डावर तारीख लिहीपर्यंत पुन्हा दूध ओढायला लागलं.