जिरियाट्रिक म्हणजे जिरवतात कुणाची?

आत्या पडली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण तिने मला सगळ्यांना हेच सांगायला सांगितलंय. ती फक्त सकाळी साडेसहाला न्हाणीघराच्या दाराशी फरशीवर बसलेली सापडली, आणि कामवाल्या मावशींनी विचारल्यावर म्हणाली, "कानातलं शोधत होते." दोन्ही कानातली कानातच होती.

महिन्याभरातली ही तिसरी वेळ. पहिल्यांदा ती रांगोळीचा डबा शोधत होती, दुसऱ्यांदा म्हणे मुंग्या कुठून येतात ते बघत होती.

आत्या 81 वर्षांची. आयुष्यभर भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि लिफ्ट चालू असली तरी एक मजला तरी चढून जाते, का तर लिफ्टचा मेन्टेनन्स द्यायला तिचा तत्त्वतः विरोध आहे. तिच्या हृदयाला एक डॉक्टर, गुडघ्याला दुसरे, पोटाला तिसरे, डोळ्याला चौथे, शिवाय कोपऱ्यावरचे फॅमिली डॉक्टर आहेतच. म्हणजे वाटण्या सगळ्या झालेल्या, पण सातबारा कुणाकडेच नाही. चक्कर कुणाच्या हद्दीत येते हे ठरेना. हृदयवाले म्हणाले कानाचं असेल, गुडघेवाले म्हणाले वयाचं असेल. शेवटी माझी मैत्रीण म्हणाली अगं जेरियाट्रिक ओपीडीला दाखव, म्हाताऱ्या माणसांचं सगळं एकत्र बघतात.

आत्याला सांगितलं. तिने चष्मा खाली ओढला. "जिरियाट्रिक? म्हणजे जिरवतात कुणाची तिथे?"

मी गूगल करून बसले होते त्यामुळे जोशात होते. म्हटलं आत्या, लहान मुलांचं पीडियाट्रिक तसं वयस्कर लोकांचं जेरियाट्रिक, हा शब्द 1909 साली न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर नावाच्या डॉक्टरने काढला, आणि आपल्या देशात अशी पहिली ओपीडी 1978 ला मद्रासला डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी सुरू केली.

"मद्रासला," आत्या म्हणाली. "बरोबर. पुण्यात तेव्हा गरज नव्हती."

अपॉइंटमेंटच्या फोनवर पलीकडच्या बाईंनी बजावलं की चष्मा, काठी, कवळी, जे काय असेल ते आणा आणि घरात असतील नसतील तेवढी सगळी औषधं एका पिशवीत भरून आणा. कागद नको, औषधंच. मला वाटलं सोपंय.

आत्याच्या गोळ्या एका पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात असतात. तो उघडला आणि मी खालीच बसले (मी पण कानातलं शोधत होते असं समजा). तिला पूर्ण पट्टी ठेवलेली आवडत नाही, डब्यात मावत नाही म्हणून. त्यामुळे प्रत्येक पट्टी कात्रीने एकेका गोळीच्या चौकोनात कापलेली. नाव एका चौकोनावर, तारीख दुसऱ्यावर, आणि ते दोघं कधीच विभक्त झालेले. एका तुकड्यावर नुसतं 'सार्टन', एकावर 'थंड व कोरड्या', एकावर फक्त किंमत. मग हे चौकोन जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्यांमध्ये भरलेले आणि वर चिकटपट्टीवर तिच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लेबलं: 'पांढरी गोल, सकाळ'. 'पांढरी गोल, रात्र'. 'पांढरी गोल, दुसरी'. 'गुलाबी, वाटलं तर'.

"वाटलं तर म्हणजे?"

"म्हणजे वाटलं तर."

मी अर्धी रात्र ते चौकोन टेबलावर जिगसॉसारखे जुळवत बसले. अकरा औषधं निघाली. शिवाय तीन चूर्णं, एक बाम, आणि डोळ्यात घालायच्या थेंबांची एक बाटली जिची मुदत आत्याच्या आधी रिटायर झाली असावी.

सकाळी रिक्षा. आत्याने रिक्षावाल्याला लकडी पूल नको, म्हात्रे पुलावरून घे असं सांगितलं, मग वाटेत तिन्ही सिग्नलला त्याची शिकवणी घेतली, आणि एरंडवण्यात उतरताना मीटर वाचायला चष्मा बदलला. माझ्या एका हातात फाइल, एका हातात पिशवी, खांद्यावर आत्याची पर्स, आणि आत्याचा हात धरायला हातच उरला नव्हता, जे तिच्या पथ्यावरच पडलं कारण तिला हात धरलेला चालत नाही.

वेटिंगला आमचा चौदावा नंबर. खुर्च्या त्या स्टेशनवर असतात तशा, लोखंडी, एकमेकींना जोडलेल्या आणि हात नसलेल्या. म्हणजे ज्यांना टेकूशिवाय उठता येत नाही त्यांच्यासाठी खास. प्रत्येकाच्या मांडीवर औषधांची पिशवी आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या पिशवीचा आकार बघून घेतोय, लग्नात आहेर बघतात तसा. शेजारच्या आजोबांची पिशवी किराण्याची होती, पाच किलोची. आत्या एकदम नरमली. आमची साडीच्या दुकानाची होती, छोटी.

दीड तासाने आत. डॉक्टर तिशीतली मुलगी. हसून म्हणाली, "या आजी, बसा."

"मी कुणाची आजी नाही," आत्या म्हणाली. "लग्नच केलेलं नाही. बाई म्हण."

आणि ती पोरगी खरंच शेवटपर्यंत बाई म्हणाली. मला तिथेच ती आवडली.

पहिल्यांदा तिने टॉर्च घेऊन आत्याचे कान बघितले. दोन्ही कान मळाने गच्च. सहा महिने मी घसा फोडून बोलतेय, घरात चर्चा चाललीय की आत्याचं लक्ष नसतं, विसरायला लागलीय का, आणि तिकडे आत्या सगळ्यांना सांगत सुटलीय की भाचीचा आवाज फार चढतो हल्ली, तिचं बीपी बघा. डॉक्टर म्हणाली असं खूप होतं, ऐकूच गेलेलं नसतं आणि आपण विसरले म्हणतो. मग तिने काय करावं, स्टेथोस्कोप आत्याच्या कानांना लावला आणि स्वतः त्या गोल चकतीत बोलायला लागली. माईकसारखी. आत्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अगं किती स्वच्छ बोलतेस! आमच्या घरी सगळे पुटपुटतात."

मग परीक्षा. मला सूचना मिळाली की नातेवाईकांनी उत्तरं सांगायची नाहीत. माझ्यासाठी दिवसातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती, त्याच्यापुढे रिक्षा काहीच नाही.

"बाई, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा, नंतर विचारीन. आंबा, खुर्ची, नाणं."

आत्याने तीन शब्द फळ्यावर लिहिल्यासारखे म्हणून दाखवले.

"आता सांगा, सध्या ऋतू कोणता?"

"सहातला की तीनातला?"

डॉक्टर थांबली. आत्याने समजावलं की उन्हाळा, पावसाळा, हिवाळा या हिशोबाने पावसाळा लागलाय, पण सहा ऋतूंच्या हिशोबाने अजून ग्रीष्म संपायचाय, तुझ्या कागदावर काय छापलंय ते बघ. तारीख विचारली तर म्हणाली तिथी सांगू का, आज संकष्टी आहे. मग दोन्ही सांगितलं, आणि वर कुणी न विचारता पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं आणि तो बुधवार होता हेही सांगितलं. आपण कुठे आहोत? "मुठेच्या डाव्या काठावर, समुद्रसपाटीपासून 560 मीटर उंचीवर." कितव्या मजल्यावर? "तळमजला धरायचा का?"

शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट झालं, डॉक्टर बास म्हणाली, आत्या थांबली नाही, थेट दोनपर्यंत आली. "पुढे ऋण संख्या. चालतील?"

मग एक वाक्य लिहायला सांगितलं, कुठलंही, मनातलं. आत्याने कागदाला समास घातला आणि लिहिलं: 'या खोलीतला पंखा विनाकारण फिरतो.'

हे वाक्य पुढे महागात पडलं. कारण पुढची टेस्ट चालण्याची. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटरवर पट्टी चिकटवलीय तिथपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, डॉक्टर घड्याळ लावून बघणार. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात म्हणे. ही खुर्ची मात्र हातवाली होती, आत्याने ती हलवून बघितली, पाय डुगडुगतो असं नोंदवलं आणि उठली. छान चालली. पट्टीवर वळली. आणि वळताना तिथे बटण दिसलं. पंखा बंद करून, दिवा पण बंद करायचा का असा विचार करून, ती परत आली.

"एकवीस सेकंद," डॉक्टर म्हणाली.

"त्यातले नऊ तुमच्या वीजबिलाचे," आत्या म्हणाली.

पुन्हा घेतली. चौदा. म्हणजे पंख्यावर सगळं ढकलता येईना. मी पहिल्यांदाच नीट बघितलं, वळताना तिचा डावा हात हवेत भिंत शोधत होता. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं चालतेय, पण नेहमी दोन पावलं पुढे.

मग झोपवून बीपी, आणि उभं केल्यावर पुन्हा बीपी. झोपून वरचा आकडा 146, उभी राहिल्यावर 118. वीसच्या वर उतरला की त्याला अर्थ असतो असं डॉक्टर म्हणाली आणि तिने पिशवी मागितली. माझी जिगसॉ बाहेर आली. तिने ते चौकोन टेबलावर मांडले, आम्ही लहानपणी चिंचोके मांडायचो तसे, आणि दोन चौकोन शेजारी शेजारी सरकवले. 'पांढरी गोल, सकाळ' आणि 'पांढरी गोल, रात्र' या दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या नावाच्या आणि आतून एकच औषध असलेल्या बीपीच्या गोळ्या निघाल्या, टेल्मिसार्टन. एक हृदयवाल्यांनी दिलेली, एक फॅमिली डॉक्टरांनी. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. 'पांढरी गोल, दुसरी' झोपेची. 'गुलाबी, वाटलं तर' ही सर्दीची, जिने गुंगी येते, आणि आत्याला ती एक शिंक आली तरी वाटायची. गुडघ्याची वेदनाशामक रोज, तिने बीपीही वाढतं आणि किडनीलाही ताप. डी व्हिटॅमिनची आठवड्याची 60,000 युनिटची कॅप्सूल आठ आठवडे घ्यायला सांगितलेली, आत्या दोन वर्षं नेमाने दर रविवारी घेतेय, कारण थांबा असं कुणी म्हणालंच नाही. शिवाय रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. आणि मग सकाळी साडेसहाला कानातलं शोधणं.

"म्हाताऱ्या माणसांना शक्यतो कुठली औषधं देऊ नयेत याची एक यादी असते बाई," डॉक्टर म्हणाली. तोवर स्टेथोस्कोप कानातून निघाला होता. "1991 ला मार्क बिअर्स नावाच्या डॉक्टरांनी केलेली. बिअर्सची लिस्ट म्हणतात."

आत्या ताठ झाली. "बिअर आमच्या घरात कधी आलेली नाही."

शेवटी हिशोब असा झाला की बीपीची एक गोळी बंद, सर्दीची बंद, वेदनाशामक बंद, डी बंद, झोपेची एकदम सोडायची नाही तर आधी अर्धी आणि मग हळूहळू. नवीन म्हणून फक्त मळ मऊ व्हायला कानात घालायचे थेंब. आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं.

आत्याला हे काही पटलं नाही. माझ्या नातेवाईकांना तर अजिबात नाही. ठाण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "एवढी फी घेऊन उलट गोळ्या काढून घेतल्या?" शेजारच्या काकू म्हणाल्या सलाईन तरी लावायचं होतं. आपल्याकडे डॉक्टरची किंमत कागदाच्या लांबीवर ठरते, आमचा कागद तर तिकिटाएवढा. बंद केलेल्या गोळ्यांचे चौकोन आत्याने पुन्हा काळ्या डबीत भरले आणि लेबल लावलं 'रद्द'. ती डबी मी पर्समध्ये घालून आणलीय, तिला अजून कळलेलं नाही.

तिचं खरं दुःख वेगळंच होतं. निघताना तिने मार्क विचारले. डॉक्टर टाळत होती, पण आत्याने कागदावर हात ठेवला. तीसपैकी एकोणतीस. आंबा आला, नाणं आलं, तिसरा शब्द आला नव्हता. डॉक्टर म्हणाली एवढं उत्तम आहे बाई, काही काळजी नाही. आत्या रिक्षात एक शब्द बोलली नाही. म्हात्रे पुलावर फक्त एवढंच म्हणाली, "शब्दच इतका फालतू निवडला असेल की लक्षात राहण्यासारखा नव्हता." मला शब्द माहीत होता. तोंडात आला होता. पण नातेवाईकांनी सांगायचं नाही अशी सूचना होती, आणि ती दाराबाहेर संपते की नाही हे विचारायचं राहून गेलं होतं.

रात्री पावणेअकराला फोन. माझ्या पोटात गोळा, म्हटलं पडली.

"ऐकतेस का? खुर्ची!"

"आत्या, तू ठीक आहेस ना?"

"खुर्ची होता. आत्ता पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसले होते, समोर खुर्ची होती. उद्या दहाला फोन लाव तिला आणि मार्क वाढवून घे."

"अगं बघून आठवलं म्हणजे कॉपी झाली ना."

पलीकडे शांतता. मग कानात घालायच्या थेंबांची बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"पुटपुटू नकोस," आत्या म्हणाली. "मला काही ऐकू येत नाहीये."