पट्टा तुटला तर? रोलर कोस्टरवरच्या एका मेसेजला उत्तर

बारावीच्या परीक्षा संपत आल्या की एक मेसेज पुण्यातल्या घरोघरच्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा आमच्या ग्रुपवर तो वहिनीने टाकला. सुरुवात "पालकांनो सावधान", शेवटी हात जोडलेले इमोजी आणि "जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा". मधला मजकूर थोडक्यात असा: रोलर कोस्टर उलटा झाला की माणूस फक्त एका पट्ट्यावर लटकत असतो, पट्टा तुटला की संपलं. गाडी रुळावर नुसती ठेवलेली असते, वेगात उडून जाऊ शकते. चढावर मध्येच थांबते याचा अर्थ यंत्र जुनाट झालंय. डॉक्टर सांगतात की एका फेरीत मेंदूला आणि हृदयाला कायमची इजा होते. आणि आपल्या देशात देखभाल कोणी करतच नाही, त्यामुळे सगळ्या राइड सारख्याच धोक्याच्या.

खाली वहिनीने लिहिलं होतं, "खोपोलीची ट्रिप रद्द."

भाच्याने वर्षभर त्या एका दिवसाची वाट पाहिली होती. मला वहिनीचा राग आला नाही. लेकराच्या काळजीपोटी कुठलीही आई असे दहा मेसेज पुढे पाठवेल. राग आला तो मेसेज लिहिणाऱ्याचा. शाळेच्या सहलीत गोराईच्या एस्सेलवर्ल्डला पहिल्यांदा कोस्टरमध्ये बसले, तेव्हा लागलेला नाद अजून सुटलेला नाही. निगडीच्या अप्पूघरातल्या छोट्या गाडीपासून अबुधाबीच्या फॉर्म्युला रोसापर्यंत जिथे बसता आलं तिथे बसले. खोपोलीच्या इमॅजिका पार्कात २०१३ साली नायट्रो ही कोस्टर सुरू झाली, तिच्या फेऱ्या मोजणं मी कधीच सोडून दिलं. शिवाय पोटापाण्यासाठी एकोणीस वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग तपासते आहे. लोखंड कुठे दगा देतं आणि कुठे देत नाही, हे मला रोज बघावं लागतं. म्हणून या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर देते.

आधी तो पट्टा. त्याच संध्याकाळी मी सहकारनगरला दादाकडे गेले आणि वहिनीला खाली पार्किंगमध्ये घेऊन आले. हातात त्यांची दुधाची कडीची किटली, अर्धी पाण्याने भरलेली, झाकण काढलेलं. हात ताठ ठेवून ती जोरात गोल फिरवली. डोक्यावर किटली पूर्ण पालथी होत होती आणि एक थेंब सांडत नव्हता. वहिनीने लहानपणी हे शंभरदा केलं असेल, पण कोस्टरशी ते कधी जोडलं नव्हतं. लूप म्हणजे गाडीला पूर्ण उलटं फिरवणारा उभा वळसा. त्याच्या माथ्यावर माणसाचं तेच होतं. गाडी इतक्या वेगात वळत असते की अंग आसनावर दाबलं जातं, खाली पडायला बघत नाही. डोळे मिटले तर आपण उलटे आहोत हे कळतही नाही. मग मी मुद्दाम किटली हळू फिरवली आणि पाणी फरशीवर आलं. हार्नेस, म्हणजे माणसाला आसनाशी धरून ठेवणारी चौकट, लागतो तो यासाठी. काही वळणांत गाडी सावकाश उलटते, काही उंचवट्यांवरून जाताना अंग आसनापासून सुटतं, तिथे तो धरून ठेवतो. आणि तो एका पट्ट्यावर अवलंबून नसतो. मोठ्या कोस्टरच्या हार्नेसचं कुलूप दुहेरी असतं, एक निकामी झालं तरी दुसरं धरतं. वीज गेली म्हणून ते उघडत नाही. ते बंदच राहतं, उघडण्यासाठी मुद्दाम काहीतरी करावं लागतं.

लूपची भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता. त्याचा लूप बांगडीसारखा गोल होता. गाडी भरवेगात त्यात शिरताना माणसावर शरीराच्या वजनाच्या जवळपास बारापट दाब येत असे, असं सांगतात. लोकांच्या माना दुखावत. तो प्रकार मागे पडला आणि पोलादी रुळावरचा आधुनिक उभा लूप आला थेट १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमधल्या रेव्होल्यूशनवर. वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने लूपचा गोल मोडून त्याला पाण्याच्या थेंबाचा आकार दिला. खाली वेग जास्त, तिथे वळण ऐसपैस. वर वेग कमी, तिथे वळण आखूड. त्यामुळे खाली शिरताना मान मोडत नाही आणि वर किटलीतलं पाणी सांडत नाही. आज जगभरातले उभे लूप बघा, क्वचितच एखादा पूर्ण गोल दिसेल.

गाडी रुळावर नुसती ठेवलेली असते हे तर साफ खोटं. लोणावळा लोकल रुळावर ठेवलेली असते. कोस्टरची गाडी रुळाला धरून असते: वजन पेलणारी चाकं वर, बाजूने दाबणारी आणखी, आणि रुळाच्या खालून धरणारी तिसरी. ही खालची चाकं जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने १९१९ साली पेटंट केली. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे. ती आली म्हणून तर एवढे खडे उतार शक्य झाले.

आता मध्येच थांबण्याबद्दल, कारण या मुद्द्यावर मेसेज वाचणारे जवळजवळ सगळेच फसतात. कोस्टरला इंजिन नसतं. बहुतेक ठिकाणी साखळीने गाडी वर नेली की पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. नायट्रो सुमारे ४० मीटर वर नेऊन सोडते आणि खाली वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास जातो, तो निव्वळ त्या उंचीचा. चढताना जो टक-टक-टक आवाज येतो, ज्याने लोकांच्या पोटात गोळा येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून दातऱ्यात पडत जाणाऱ्या खिटीचा असतो. मला तो आवाज फार आवडतो. साखळी तुटली तरी गाडी त्या खिटीवर उभी राहणार.

आणि मार्ग ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकड्यांत, वाटलेला असतो, अगदी रेल्वेसारखा. पुढचा ब्लॉक रिकामा असल्याची खात्री झाल्याशिवाय मागची गाडी पुढे सोडत नाहीत. कुठल्याही सेन्सरला शंका आली की यंत्रणा गाडी थांबवते, बऱ्याचदा चढावरच. एका पार्कात मीही अशी अडकले आहे. वीस मिनिटं उन्हात, मग कर्मचाऱ्यांच्या मागोमाग रुळालगतच्या पायऱ्यांनी खाली. शेजारच्या सीटवरच्या बाई रामरक्षा म्हणत होत्या. त्यांना मी सांगितलं, हेच बरोबर चाललंय, शंका असताना सोडली असती तर घाबरायचं. शेवटच्या ब्रेकचंही तसंच. अनेक ठिकाणी कायम चुंबकांचे ब्रेक असतात. गाडीखालची धातूची पट्टी चुंबकांमधून गेली की वेग आपोआप मरतो, त्याला वीज लागत नाही. दाबाच्या हवेवर चालणारे ब्रेक असतील तर ते हवा गेल्यावर आवळले जातात, सैल पडत नाहीत.

थांबणं हा धोका नाही, थांबलेल्याला ढकलणं हा धोका आहे. इंग्लंडच्या आल्टन टॉवर्समध्ये जून २०१५ मध्ये स्मायलर या कोस्टरवर हेच घडलं. चाचणीची एक रिकामी गाडी मार्गावर अडकून राहिली होती. यंत्रणेने मागची भरलेली गाडी बरोबर थांबवली. पण पुढे गाडी आहे यावर माणसांचा विश्वास बसला नाही, त्यांनी यंत्रणेला बाजूला सारून गाडी सोडली. सोळा जण होते त्यात. दोघी तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. चालवणाऱ्या कंपनीला पुढच्या वर्षी ५० लाख पौंडांचा दंड झाला. मी हा अपघात विसरत नाही आणि विसरू देतही नाही.

"डॉक्टर सांगतात" हा भाग. कोणते डॉक्टर, ते मेसेजमध्ये नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डग्लस स्मिथ आणि डेव्हिड मीनी यांनी २००२ मध्ये कोस्टरवर डोक्याला बसणारे हिसके तपासले. मेंदूला इजा होण्यासाठी जेवढा जोर लागतो त्याच्या ते खूपच खाली निघाले. १९९४ च्या एका अभ्यासात रोजच्या जगण्यातले हिसके मोजले होते: शिंकताना सुमारे ३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट, खुर्चीत धपकन बसताना १० जी. हे झटके क्षणभराचे असतात, कोस्टरचे थोडे जास्त टिकतात, त्यामुळे आकडे सरळ शेजारी ठेवून चालणार नाही. पण नुसता "जी"चा आकडा दाखवून घाबरवणाऱ्याला हे विचारायला हवं. मेंदूत रक्तस्राव झाल्याच्या मोजक्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्या मी नाकारत नाही. एका फेरीत सगळ्यांना कायमची इजा, हे मात्र खोटं.

हृदयाच्या बाबतीत मी मेसेजच्या थोडं जवळ आहे. जर्मनीत ५५ निरोगी लोकांना एका जोरदार कोस्टरवर बसवून त्यांच्या हृदयाचा आलेख काढला होता. सरासरी ठोके ९१ वरून १५३ वर गेले. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, जिने धावत चढल्यावरही तेवढे होतात. पण हृदयविकार असेल, बीपी ताब्यात नसेल, मानेचं किंवा मणक्याचं दुखणं असेल, बाई गरोदर असेल, तर बसू नये. रांगेच्या तोंडाशी हेच लिहिलेलं असतं आणि ते मनापासून पाळावं. दादाला स्टेंट आहे. त्याने कधीही बसण्याचा हट्ट केला नाही आणि मीही केला नाही.

जाता जाता, उलट्या बाजूचाही एक मेसेज फिरतो: कोस्टरवर बसा, मूतखडा पडेल. त्यामागचं संशोधन खरं आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड वार्टिंगर यांनी २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. मूत्रपिंडाचं मॉडेल घेऊन ते डिस्नेच्या एका कोस्टरवर बसले. मागच्या सीटवर ३६ पैकी २३ वेळा खडा सरकला, पुढच्या सीटवर २४ पैकी ४ वेळा. पण तो एक कोस्टर आणि एक मॉडेल. औषध म्हणून कुणी तिकीट काढू नये. माझ्या आवडीच्या बाजूचं आहे म्हणून मी ते पुढे पाठवणार नाही.

उरला देखभालीचा मुद्दा. इथे मेसेज अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच तो जास्त नुकसान करतो. आपल्याकडे माणसं दगावली आहेत. अहमदाबादच्या कांकरियाला जुलै २०१९ मध्ये झोक्यासारखी हलणारी राइड मोडून पडली. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत एक चोवीस वर्षांची मुलगी कोस्टरवरून पडून गेली. तिच्या घरच्यांना मी कुठल्या तोंडाने "कोस्टर सुरक्षित असतो" सांगू? पण म्हणूनच "सगळ्या राइड सारख्याच" हे वाक्य मला घातक वाटतं. ते एकदा पटलं की माणूस बघणंच सोडतो.

आमच्या कारखान्यात वेल्डवर लाल रंगाचा द्रव लावतात, पुसून काढतात आणि वर पांढरी पावडर फवारतात. वेल्ड धडधाकट असेल तर पांढरंच राहतं. भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग वर येतो, केसाएवढी रेघ उमटते. नुसत्या डोळ्याला ती कधीच दिसली नसती. चांगल्या पार्कात गाडीचे सांगाडे उघडून असेच तपासतात, सकाळी मार्गावरून माणूस चालत जातो, रिकाम्या गाड्या आधी फिरवतात. जिथे हे होत नाही, तिथली राइड बुटकी असो की उंच, धोक्याची.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आम्ही सगळे एका जत्रेला गेलो होतो. तिथे ड्रॅगनच्या तोंडाची छोटी कोस्टर लावलेली. भाच्याच्या धाकट्या बहिणीला बसवायचं होतं. मी आधी बसले. मांडीवरचा दांडा बसत नव्हता म्हणून तो नाडीने बांधलेला होता. चालवणाऱ्याला दाखवलं तर म्हणाला, "काही होत नाही ताई, रोज शेकड्याने बसतात." मी तशीच उतरले, पोरीलाही बसू दिलं नाही. तिकिटाचे पैसे गेले आणि पोर रडली. तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस मला म्हणालं, एवढीशी तर आहे, बसू दे की. त्या नाडीची भीती कुणालाच वाटली नाही. आणि त्याच माणसांनी दुहेरी कुलपाच्या, तीन बाजूंनी रूळ धरणाऱ्या गाडीची ट्रिप एका मेसेजवरून रद्द केली.

हे सगळं मी वहिनीला त्या ओल्या फरशीवर उभं राहून सांगितलं. काय बघायचं तेही सांगितलं. कर्मचारी प्रत्येक हार्नेस हाताने ओढून बघतो का? उंचीची पट्टी लावून लहान मुलांना परत पाठवतो का, की आईबापांनी गळ घातली की सोडतो? मोबाइल, चप्पल काढायला लावतो का? एकही "नाही" आलं तर तिथून परत फिरायचं, तिकीट कितीचंही असो. वहिनी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी येते. मी बसणार नाही, पण बघणार."

रविवारी सकाळी सातला चांदणी चौकातून निघालो. नायट्रोच्या गाडीला तळ नसतो, सगळे बसले की पायाखालची फरशी खाली जाते आणि पाय अधांतरी राहतात. कर्मचारी पोरगा एकेक हार्नेस ओढत आला, भाच्याचा त्याने दोनदा ओढला. दादा बाहेर बाकावर सगळ्यांच्या बॅगा सांभाळत होता. वहिनी कठड्याशी उभी होती. फरशी गेली तशी ती चक्क वाकली आणि गाडीच्या बुडाकडे निरखून बघायला लागली. मला वाटलं चक्कर आली. तेवढ्यात तिने वर बघून ओरडून सांगितलं, "अगं, आहेत गं! खालूनही चाकं आहेत!"